एक्सपी ९५ किंवा एक्सपी १०० टाकल्यावर गाडीच्या सायलेन्सरचा आवाज दमदार होतो का?

नाही, निदान कानाला कळेल इतका तरी नाही. एक्सपी ९५ आणि एक्सपी १०० ही इंडियन ऑइलची जास्त ऑक्टेनची पेट्रोल, नावातला आकडा म्हणजे ऑक्टेन. ऑक्टेन म्हणजे इंधनाची ताकद नव्हे. दाबाखाली आपोआप पेट न घेण्याची त्याची क्षमता. आपल्याकडे साधं पेट्रोल बरीच वर्षं ९१ ऑक्टेनचं असायचं आणि बहुतेक गाड्या त्यावरच चालतील अशा बनवलेल्या आहेत.

आवाज ठरतो सिलिंडरची संख्या, आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे), पाइपची लांबी-जाडी आणि सायलेन्सरची आतली रचना यांवरून. ३००० आरपीएमला चार सिलिंडरच्या इंजिनात सेकंदाला १०० स्फोट होतात, तीन सिलिंडरमध्ये ७५. म्हणून तीन सिलिंडरचा आवाज वेगळा, घोगरा लागतो. पेट्रोल बदलून हा आकडा हलत नाही.

फरक ऐकू येतो तो बॉनेटखाली. घाटात चौथ्या गिअरमध्ये कमी आरपीएमला अॅक्सिलरेटर दाबलात की कधीकधी बारीक टकटक येते, डबीत खडे हलवल्यासारखी. ते नॉकिंग, म्हणजे दाबाखाली इंधन आपोआप पेटणं. तिथे जास्त ऑक्टेनचा खरा उपयोग, विशेषतः टर्बो इंजिनाला. ही टकटक ओळखणारा नॉक सेन्सर असेल तर ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, स्पार्क उशिरा देतो. मग ज्वलन लांबतं, एक्झॉस्टमधला वायू जास्त तापतो. त्याने आवाजात किंचित बदल होऊ शकतो, पण तो कमी ऑक्टेनमुळे!

टकटक वारंवार येत असेल तर आधी गिअर खाली घ्या, तरीही थांबली नाही तर मेकॅनिकला दाखवा. आवाज अचानक मोठा झाला असेल तर पेट्रोलला दोष देऊ नका, सायलेन्सरचे जोड आणि गॅस्केट तपासा. गळती बहुधा तिथेच सापडते.