नदीच्या डोक्यावरून जाणारा कालवा

तुम्ही विचारलंय, "जलसेतूवरून अख्खा कालवा वाहतो, तर एवढ्या पाण्याच्या वजनाने कमानी खचत कशा नाहीत? आणि वरून नाव गेली तर?"

आधी नावेचं सांगतो. तरंगणारी नाव आपल्या वजनाइतकंच पाणी बाजूला सारते, त्यामुळे ती सेतूवर आली तरी कमानींवरचा भार वाढत नाही. रस्त्याच्या पुलाला ट्रक आला-गेल्याचे हिसके बसतात, जलसेतूवरचा भार मात्र जवळपास कायम तेवढाच. अर्थात तो थोडाथोडका नसतो. 3 मीटर खोल पाणी म्हणजे दर चौरस मीटरला 3 टन!

मी पाटबंधारे खात्यात नोकरी केली. प्रशिक्षणासाठी रुडकीला गेलो तेव्हा गंगा कालव्याचा सोलानी जलसेतू पाहिला, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे सेतूच्या पायाच्या बांधकामात सापडलं. सोलानीच्या पात्रात वाळूच वाळू. खडक लागेपर्यंत खणायची सोयच नाही. तेव्हा आपल्याकडच्या विहीर उतरवणाऱ्या कारागिरांची जुनी रीत वापरली. वाळूवरच विटांचं चौकोनी बांधकाम उभारायचं, त्यात विहिरीसारख्या पोकळ्या ठेवायच्या आणि त्या पोकळ्यांतून खालची वाळू उपसत राहायची. बांधकाम आपल्याच वजनाने खाली बसत जातं. असे ठोकळे सुमारे 20 फूट उतरवून त्यांवर खांब घेतले. वर 50-50 फुटी 15 कमानी, आणि त्यांवरून सुमारे 50 मीटर रुंदीचा पाण्याचा प्रवाह. सगळं चुना-सुरखीत. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटांची भुकटी. ती घातली की चुना ओलाव्यातही घट्ट धरतो. सिमेंटशिवाय हे काम उभं राहिलं ते त्यामुळे.

मी एका कमानीखाली उभा राहून विटांना हात लावला होता. डोक्यावर गंगा वाहत होती आणि समोर सोलानीत गुडघाभरही पाणी नव्हतं. तो क्षण मी विसरलेलो नाही.

कमानींच्या दोन्ही बाजूंना खोऱ्यातून मैलोगणती मातीचा भराव आहे. माझ्या मते खरी मेहनत तिथली. ती माती ओढायला रुडकीत 1851 च्या डिसेंबरात वाफेचं इंजिन चालवलं, म्हणजे बोरीबंदर-ठाणे गाडीच्याही आधी! ते जेमतेम काही महिने चाललं.

हा कालवा आखला प्रोबी कॉटली यांनी. मूळचे तोफखान्यातले अधिकारी. 1837-38 च्या भीषण दुष्काळानंतर या योजनेला जोर आला, 1842 मध्ये खोदाई सुरू झाली आणि 8 एप्रिल 1854 रोजी पाणी सुटलं. मला त्यांचं सर्वांत मोठं कौतुक वाटतं ते हरिद्वार ते रुडकी या टप्प्याचं. वाटेत चार नद्या आडव्या येतात. राणीपूर आणि पथरी हे पावसाळी लोंढे कालव्याच्या वरून नेले. धनौरीला रतमऊ कालव्याच्याच पातळीवर येते, म्हणून तिथे दारं बसवून पूर आरपार जाऊ दिला. आणि सोलानी खाली राहिली, कालवा वरून गेला. कोणती नदी वरून न्यायची आणि कोणती खालून, हे तिथल्या जमिनीच्या पातळीने ठरवलं.

कधी गेलात तर नुसतं वरून फिरून येऊ नका. उन्हाळ्यात पात्रात उतरा आणि कमानीखाली जा. सेतूच्या टोकांना बसलेले दगडी सिंह येताना पाहा.