दुसरं लग्न केलं तर पहिल्या नवऱ्याच्या पेन्शनवरचा हक्क जातो का?

ताई, घटस्फोट झालाय, मुलगी तुमच्याकडे आहे, आधीचे यजमान शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत आहेत. आता चांगलं स्थळ आलंय, पण लग्न केलंस तर त्याच्या पेन्शनवर पाणी सोडावं लागेल, असं घरचे म्हणतात.

त्या पेन्शनपायी स्थळ सोडू नका. लग्न करा किंवा करू नका, तो हक्क घटस्फोटाबरोबरच संपलाय. मी इथल्याच एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात पीएफचं काम बघायचो. पीएफबरोबरच्या 1995 च्या पेन्शन योजनेत सभासद वारला की पेन्शन विधवेला मिळते आणि तिनं पुनर्विवाह केला की बंद होते. हा विधवेचा नियम लोक घटस्फोटितेलाही लावून मोकळे होतात.

मुलीचा हक्क मात्र शाबूत आहे. वडिलांच्या पश्चात तिला 25 वर्षांची होईपर्यंत पेन्शन आहे, विधवेच्या पेन्शनच्या 25 टक्के. एका वेळी दोन मुलांना, मोठ्यापासून. वडिलांनी दुसरं लग्न केलं असलं तरी ती त्यांचीच मुलगी. आमच्या एका कामगाराच्या माघारी पेन्शनच्या अर्जाचा 10-डी फॉर्म भरायला त्याची दुसरी बायको आली होती. मुलांच्या रकान्यात तिनं आधी पहिलीच्या मुलीचं नाव घालायला लावलं, मग स्वतःच्या मुलाचं. सगळीकडे असं होत नाही, म्हणून मुलीचा जन्मदाखला आणि वडिलांचा पीएफ नंबर आजच जपून ठेवा.

तुमचा खरा हिशेब पोटगीचा आहे. फौजदारी कायद्याखालची दरमहा पोटगी पुनर्विवाह न केलेल्या घटस्फोटितेलाच मिळते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 25 खाली ठरली असेल तर आधीच्या यजमानांनी अर्ज केल्यावर कोर्ट ती बदलू किंवा रद्द करू शकतं. एकरकमी घेऊन विषय मिटला असेल तर बंद होण्यासारखं काही उरत नाही. मुलीच्या खर्चाचा हक्क तिचा स्वतःचा, तुमच्या लग्नानं तो बुडत नाही. निकालपत्रात तुमची आणि तिची रक्कम वेगवेगळी लिहिलीय का, एवढं वकिलांकडून बघून घ्या.

आणखी एक. तुमचे वडील रेल्वेत, पोस्टात किंवा केंद्राच्या दुसऱ्या खात्यात होते का? असतील तर आईवडिलांच्या पश्चात घटस्फोटित मुलीलाही कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. निदान घटस्फोटाचा अर्ज तरी दोघांपैकी कुणाच्या हयातीत दाखल झालेला हवा आणि तुमचं महिन्याचं उत्पन्न 9000 रुपये अधिक महागाई भत्ता यापेक्षा कमी हवं. ही पेन्शन मात्र लग्न केल्यावर बंद होते. घरचे हिच्याबद्दल बोलत असतील, तर त्यांचं बरोबर आहे.