आठवड्यातून एक दिवस पथ्य मोडलं तर?

वजन उतरवताना एखादा दिवस मोकळा सोडावा का, या मुद्द्याभोवती फिरणारे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. अशा दिवसासाठीचा ‘चीट डे’ हा शब्द आम्हाला मुळातच पटत नाही. आवडीचं खाणं म्हणजे कुणाची फसवणूक नव्हे, आणि तसं मनात धरून खाल्लं की घास जास्तच जातात. शब्द रुळला असला, तरी इथे आम्ही ‘मोकळा दिवस’ म्हणतो.

माझं वजन ७४ किलो आहे. सोमवार ते शनिवार मी १,५०० कॅलरींच्या आत राहते, एकेक गोष्ट वजन करून खाते. रविवारी काहीच मोजत नाही. आठ आठवडे झाले, काटा जागचा हलत नाही. थायरॉइडची तपासणीही ठीक आली. चुकतंय कुठे?

बहुतेक रविवारीच. हिशेब मांडून बघू. वजन आहे तिथे राहायला तुम्हाला दिवसाला साधारण २,००० कॅलरी लागतात असं धरा. सहा दिवस रोज ५०० कमी, म्हणजे शनिवारपर्यंत ३,००० ची तूट जमली. रविवारी पोटात ४,५०० गेल्या, तर गरजेपेक्षा २,५०० जास्त झाल्या. आठवड्याअखेर हातात उरली फक्त ५०० ची तूट. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० कॅलरी. त्या हिशेबाने आठवड्याला जेमतेम ६५ ग्रॅम चरबी उतरली, आठ आठवड्यांत अर्धा किलो. एवढा फरक अंगातल्या पाण्याच्या रोजच्या चढउतारातच हरवतो, काट्यावर दिसणार कुठून? त्याच रविवारी गरजेपुरत्या २,००० कॅलरी खाल्ल्या असत्या, तर आतापर्यंत तीन किलो उतरले असते.

४,५०० हा आकडा राक्षसी वाटेल, पण तो गाठायला खादाड असावं लागत नाही. बटाट्याच्या चिप्सचं १५० ग्रॅमचं पाकीट म्हणजे ८०० च्या आसपास, अर्धा लिटर गोड शीतपेय २००, १०० ग्रॅम मिल्क चॉकलेट ५३०. टीव्हीसमोर बसल्या बसल्या, दोन जेवणांच्या मधल्या वेळेत, दीड हजार झाले. बाहेरची दोन भरपेट जेवणं प्रत्येकी १,२०० ची आणि सकाळचा ६०० चा नाश्ता धरलात की बेरीज पुरी. स्वयंपाकातल्या तेलावरही नजर ठेवा. १५ मिलीच्या मोठ्या चमच्यात १२० कॅलरी असतात आणि ते ताटात दिसत नाही.

पुढच्या रविवारी खाणं बदलू नका, फक्त लिहा, आणि घास तोंडात जाण्याआधी लिहा. नंतर लिहिलेल्या यादीतून नेमके हातातले खाऊ निसटतात. शिवाय हा रविवार शनिवारी रात्रीच सुरू होतो का आणि उरलंसुरलं सोमवारी सकाळी संपवलं जातं का, तेही बघा. मोकळा दिवस प्रत्यक्षात ३६ तासांचा निघणं फार सर्रास आहे.

जिममधले प्रशिक्षक म्हणतात, आठवड्यातून एकदा भरपूर खाल्लं की मंदावलेलं मेटाबॉलिझम पुन्हा पेटतं. हे खरं आहे का?

यात खऱ्याचा एक लहानसा पाया आहे आणि त्यावर मोठा इमला चढवला आहे. पाया लेप्टिनचा. १९९४ साली शोध लागलेलं हे संप्रेरक चरबीच्या पेशींतून स्रवतं आणि साठा किती आहे याची खबर मेंदूला देतं. खाणं कमी झालं की लेप्टिन उतरतं, भूक वाढते, शरीर खर्चात हात आखडता घेतं. एक दिवस भरपूर पिष्टमय पदार्थ खाल्ले तर लेप्टिन वर येतं हे खरं, पण पुन्हा कमी खायला लागताच ते खाली जातं.

त्या दिवशी अंग गरम वाटतं, घाम येतो, त्याचं मुख्य कारण पचन. प्रथिनांतल्या २० ते ३० टक्के कॅलरी ती पचवण्यातच खर्च होतात, पिष्टमय पदार्थांच्या ५ ते १०, स्निग्धाच्या फार तर ३. जास्तीच्या २,५०० पैकी २५० पचनात गेल्या असं धरलं, तरी २,२५० शिल्लक राहतात. सरळ सरळ आतबट्ट्याचा व्यवहार.

विश्रांतीची कल्पना मात्र टाकाऊ नाही. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत ५१ लठ्ठ पुरुष होते. एका गटाने सलग १६ आठवडे कमी खाल्लं. दुसऱ्याने दोन आठवडे कमी, दोन आठवडे गरजेइतकं, असं आलटून पालटून कमी खाण्याचे तेच १६ आठवडे पुरे केले. दुसऱ्या गटाचं वजन जास्त उतरलं. पण दोन गोष्टी विसरू नका. त्यांना जवळपास दुप्पट काळ लागला, आणि विश्रांतीच्या आठवड्यांत ते वजन स्थिर राहील इतकंच, मोजून खात होते. विश्रांती म्हणजे तूट थांबवणं, साठा भरून घेणं नव्हे. तीन-चार महिने सतत कमी खाऊन थकला असाल, तर एक-दोन आठवडे गरजेइतकं खा. त्याला आमचा पूर्ण पाठिंबा आहे.

मोकळ्या दिवसानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी वजन १.८ किलोने वाढलेलं दिसतं. सगळी मेहनत वाया गेली असं वाटून मी तो दिवस उपाशी काढते. बरोबर करते का?

उपाशी राहू नका. १.८ किलो चरबी चढायला गरजेपेक्षा सुमारे १३,९०० कॅलरी जास्त खाव्या लागतील. एका दिवसात ते घडलेलं नाही. काट्यावर दिसतंय ते बहुतांश पाणी.

कमी खाण्याच्या दिवसांत स्नायू आणि यकृतातला ग्लायकोजेनचा, म्हणजे शरीराने राखून ठेवलेल्या साखरेचा, साठा उतरलेला असतो. भरपूर पिष्ट आणि साखर मिळाली की तो भरतो, आणि दर ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी साठतं. ३०० ग्रॅम साठा भरला की १.२ किलो तिथेच झाले. वर मीठ. शरीरातल्या द्रवाचा खारटपणा लिटरला साधारण ९ ग्रॅम मिठाइतका राखला जातो, त्यामुळे नेहमीपेक्षा साडेचार ग्रॅम मीठ जास्त गेलं की ते बाहेर पडेपर्यंत अर्धा लिटर पाणी धरून ठेवू शकतं. बाकीचं वजन आतड्यात असलेल्या अन्नाचं.

नेहमीचं खाणं सुरू ठेवलंत की हे पाणी तीन ते पाच दिवसांत उतरतं. उपास केलात तर संध्याकाळपर्यंत खा खा सुटते आणि दुसरा मोकळा दिवस न ठरवता घडतो. वजन रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी करा आणि सात दिवसांची सरासरी काढा. या आठवड्याची सरासरी मागच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून पाहा. एकट्या सोमवारच्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नका. पाळीच्या आधीच्या दिवसांत पाणी वाढतं, तेव्हा महिन्यातल्या त्याच आठवड्याशी तुलना केलेली बरी.

मग मोकळीक घ्यायचीच नाही? आयुष्यभर असं कसं जगायचं?

घ्यायची. दिवसभराची नको, एका जेवणाची घ्या.

आधी गरज ठरवा. दोन आठवडे खाल्लेलं सगळं लिहा आणि वजन बघा. वजन स्थिर असेल तर रोजची सरासरी हीच तुमची गरज. ती २,००० आली आणि आठवड्याला ३,००० ची तूट हवी असेल, तर सहा दिवस १,४५० आणि एक दिवस २,३०० खाल्ल्या तरी गणित जुळतं. सहा दिवसांत ३,३०० कमी, एका दिवशी ३०० जास्त. म्हणजे त्या दिवशी बाकीची जेवणं मिळून १,३०० ची ठेवली, तर आवडीच्या जेवणाला १,००० उरतात. एका माणसाच्या मनसोक्त जेवणाला एवढ्या पुरतात.

हे जेवण कुठलं, कधी, कुणाबरोबर, हे दोन दिवस आधी ठरवा. ठरवलेलं जेवण आणि पाय घसरून झालेलं जेवण, ताटात तेच असलं तरी मनावर वेगळा परिणाम करतात. जेवणासाठी दिवसभर पोट रिकामं ठेवू नका, ही सगळ्यात नडणारी चूक. आधीच्या जेवणात २५ ते ३० ग्रॅम प्रथिनं आणि भरपूर भाज्या घ्या. वखवखल्या पोटी बसलं की पहिली दहा मिनिटं हात थांबत नाही, आणि पोट भरल्याची जाणीव व्हायला जवळपास वीस मिनिटं लागतात. पाकिटातून किंवा डब्यातून खाऊ नका. एक वाढ ताटात घ्या, बाकीचं नजरेआड करा आणि मगच बसा. आइस्क्रीम हवं असेल तर एक कप आणा, डबा आणू नका. डबा आणला की दुसऱ्या दिवशीही मोकळीक सुरूच राहते.

मद्य घेत असाल तर तेही हिशेबात धरा. अल्कोहोलच्या दर ग्रॅममध्ये ७ कॅलरी असतात, त्याहून मोठं नुकसान असं की मनाची पकड सैल होते.

‘नंतर चालून जिरवेन’ असं म्हणू नका. ७० किलोच्या माणसाचे एक किलोमीटर चालण्यात ५० च्या आसपास कॅलरी खर्च होतात. २,५०० कॅलरी जिरवायला ५० किलोमीटर चालावं लागेल. शिवाय व्यायामाची शिक्षा झाली की माणूस व्यायामच टाळायला लागतो, हे आम्हाला जास्त चिंतेचं वाटतं.

एक बिस्कीट जास्त खाल्लं की ‘एवीतेवी मोडलंच आहे’ म्हणून मी सगळा पुडा संपवतो. इच्छाशक्ती कशी वाढवू?

यात इच्छाशक्तीचा दोष कमी आणि नियमाचा जास्त. १९७५ साली प्रसिद्ध झालेला एक जुना प्रयोग आहे. काही विद्यार्थिनींना आधी मिल्कशेक दिला, मग चव सांगण्याच्या निमित्ताने हवं तेवढं आइस्क्रीम खाऊ दिलं. एरवी खाण्यावर निर्बंध न ठेवणाऱ्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. खाण्यावर सतत लगाम ठेवणाऱ्यांनी उलट जास्त खाल्लं. नियम एकदा मोडला की दिवस हातचा गेला, असं त्यांच्या मनाने ठरवून टाकलं होतं.

म्हणून नियमातच जागा ठेवा. रोज १०० ते १५० कॅलरी आवडीच्या खाण्याला राखून ठेवा, म्हणजे दोन बिस्किटं खाल्ली तरी काही मोडत नाही. आणि नवा हिशेब उद्यापासून धरण्याऐवजी पुढच्या घासापासून धरा. दोन बिस्किटं जास्त गेली तर १०० कॅलरी, पुडा गेला तर हजार.

वडिलांना मधुमेह आणि रक्तदाब आहे, ते इन्सुलिन घेतात. आठवड्यातून एक दिवस सगळं खाऊ द्या म्हणतात. द्यावं का?

पूर्ण दिवस देऊ नका. इन्सुलिनची मात्रा रोजच्या खाण्याला बेतलेली असते. एका दिवशी पिष्ट दुप्पट झालं की साखर उसळते, आणि घाबरून मात्रा मनाने वाढवली तर रात्री साखर धोकादायक खाली जाऊ शकते. एक आवडीचा पदार्थ, थोडा, जेवणाबरोबरच द्या. त्या जेवणातलं दुसरं पिष्ट तेवढंच कमी करा. खाण्याआधी आणि दोन तासांनी साखर तपासून लिहून ठेवा आणि त्या नोंदी डॉक्टरांना दाखवा. मिठाची मोकळीक तर नकोच. जागतिक आरोग्य संघटनेने निरोगी प्रौढांसाठीही दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगितलं आहे. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल आणि दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोंनी वाढलं, घोट्यांना सूज आली किंवा धाप लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

मोकळ्या दिवशी मी थांबूच शकत नाही. पोट दुखेपर्यंत खाते, रिकामी पाकिटं लपवते, मग रडते. आता हे आठवड्यात दोन-तीनदा होतं. कुणाला सांगितलेलं नाही.

तुम्ही लिहिलंत हे फार चांगलं केलंत. कॅलरी मोजणं आणि वजन घटवणं आजपासून थांबवा. तुम्ही वर्णन केलंत त्याला वैद्यकात नाव आहे, अतिखादनाचा विकार. ताबा सुटून भराभर खाणं, एकट्याने खाणं, नंतर अपराधी वाटणं, हे आठवड्यातून एकदा तरी आणि तीन महिने होत असेल तर निदानाची शक्यता धरतात. तीन महिने व्हायची वाट मात्र पाहू नका. यावर मानसोपचार आहेत आणि ते लागू पडतात.

हा तुमच्या स्वभावाचा दोष नाही. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. खाण्याखेरीज त्यांना दुसरं सुचेना, काही जण पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. पुन्हा मोकळं खायला मिळाल्यावर पोट भरलं तरी काहींना थांबता येत नव्हतं. उपासमार झालेलं शरीर असंच वागतं.

मानसोपचारतज्ज्ञांची भेट मिळेपर्यंत दिवसाला तीन जेवणं आणि दोन मधली खाणी घ्या, मध्ये चार तासांहून जास्त अंतर पडू देऊ नका. आदल्या दिवशी कितीही खाल्लं असलं तरी सकाळचा नाश्ता चुकवू नका. उलट्या काढत असाल, जुलाबाची औषधं घेत असाल किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, तर आजच जवळच्या माणसाला सांगून रुग्णालयात जा. एरवी या आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या. तिथे काय बोलावं हे सुचत नसेल तर कागदावर एवढंच लिहून न्या: ‘खायला लागले की मला थांबता येत नाही, आठवड्यातून इतक्या वेळा होतं, अमुक महिन्यापासून होतंय.’ बाकीचं ते विचारतील.