कोलोसियमच्या भिंतीला भोकं कोणी पाडली?

प्रश्न : गेल्या वर्षी सहलीत रोमचं कोलोसियम पाहिलं. बाहेरच्या भिंतीवर जिकडेतिकडे मुठीएवढी भोकं आहेत. आमच्यातले एक काका म्हणाले, 'महायुद्धातल्या गोळ्या!' गाईड तोवर पुढे निघून गेली होती. खरं काय? आणि एकीकडे भिंत उंच, दुसरीकडे बुटकी, हे कसं?

उत्तर : काकांना सांगा, या गोळ्या नव्हेत, लोखंडाची चोरी आहे. तुमचे फोटो काढून मोठे करून बघा. भोकं बहुतेक दोन चिऱ्यांच्या सांध्यापाशीच दिसतील. गोळ्या काही सांधे शोधून लागत नाहीत!

सम्राट वेस्पाशियनने इसवी सन ७० नंतर हे काम काढलं, तेही नीरोच्या महालातलं तळं बुजवून. त्याचा मुलगा टायटस याने ८० साली उद्घाटन केलं आणि शंभर दिवस खेळ चालले. बाहेरची भिंत टिव्होलीच्या ट्रॅव्हर्टाईन दगडाची. चिरे चुन्याने जोडलेले नाहीत, लोखंडी आकड्यांनी एकमेकांत अडकवलेले होते. असं सुमारे ३०० टन लोखंड त्यात होतं म्हणतात. साम्राज्य गेल्यावर इतकं लोखंड भिंतीत कोण राहू देणार? लोकांनी सांधे कोरून ते उपसलं. आकडे गेले तरी भिंत उभी राहिली, याचंच मला जास्त नवल वाटतं.

आता बुटकी बाजू. १३४९च्या भूकंपात दक्षिणेकडची बाहेरची भिंत कोसळली, कारण तिच्याखालची जमीन गाळाची, भुसभुशीत. पडलेले चिरे मग आयतेच मिळाले आणि शहरातल्या वाड्यांना, चर्चना लागले. म्हणजे कॉन्स्टंटाईनच्या कमानीच्या बाजूने तुम्हाला दिसते ती अर्धवट तुटलेली भिंत नाही, मुळात आत असलेली दुसरी भिंत आहे.

एक जागा मात्र तुमची बहुधा हुकली असणार. पहिल्या खेपेला माझीही हुकली होती. दोन तास रिंगणाकडे टक लावून बसले आणि पाय दुखायला लागल्यावर सरळ मेट्रोकडे निघाले. पूर्वेकडे, उंच भिंत जिथे संपते तिथे, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पोप सातवे पायस यांच्या काळात विटांचा मोठा टेकू दिलाय. कमानी ढासळायला लागल्या होत्या, तर गवंड्यांनी त्या नीट बसवण्याच्या भानगडीत न पडता आहेत तशाच विटांनी बुजवून टाकल्या. सरकलेले दगड अजून वाकडेच, पडता पडता थांबल्यासारखे. अख्ख्या कोलोसियममध्ये माझी सर्वांत आवडती जागा ही.

जाता जाता : उत्तरेकडच्या, म्हणजे मेट्रोतून बाहेर येताच समोर दिसणाऱ्या कमानींवर रोमन आकडे कोरलेत. ८० दारांपैकी ७६ दारांना क्रमांक होते. उरलेल्या भिंतीवर २३ ते ५४ अजून सापडतात. प्रेक्षकाच्या हातातल्या बिल्ल्यावर जो आकडा, त्या दाराने आत शिरायचं. फोटोत एखादा आकडा सापडतो का बघा, डोळे थोडे ताणावे लागतील.