मोटर बंद केल्यानंतरचे चार तास

प्रश्न : आमची विहीर औसा तालुक्यात, वीस फूट व्यासाची. तीन तास मोटर चालली की पाणी २२ फुटांवरून ३१ फुटांवर जातं. विहिरीला ताशी पाणी किती येतं ते काढायला आठ दिवस रोज सकाळी सहाला दोरी सोडून मोजलं. दर वेळी २२ फूटच. आता काय करू?

उत्तर : दादा, तुमच्या मोजण्यात खोट नाही, वेळ चुकली. सकाळपर्यंत विहीर भरून स्थिरावलेली असते. आठ नोंदींतून एवढंच कळलं, की पाणी २२ फुटांवर थांबतं. ते कसं भरलं, हे आदल्या दुपारीच घडून गेलं.

पाणी २२ फुटांच्या जितकं खाली, ती तूट. तूट जितकी मोठी, तितकं पाणी जोरात येतं असं धरू. मग नऊ फुटांची तूट सव्वातीन फुटांवर येते, त्या सुमाराची नोंद वेगाबद्दल सर्वांत जास्त सांगते. फार लवकर मोजलं तर फरक दोरीच्या चुकीत बुडतो; फार उशिरा मोजलं तर जोरकस विहीर आणि मंद विहीर सारखीच दिसते.

अडचण अशी, की ही नेमकी वेळ ठरवायला वेगाचा अंदाज आधीच लागतो. रासायनिक अभिक्रियेतले नमुने कधी घ्यावेत यावर बॉक्स आणि लुकास या संख्याशास्त्रज्ञांनी १९५९ साली लिहिलं, तिथेही हाच पेच होता. म्हणून काम दोनदा करा. पहिल्या दिवशी मोटर बंद केल्याबरोबर एक नोंद, मग दर अर्ध्या तासाला. समजा चार तासांनी सव्वातीन फूट तूट उरली, तर पुढच्या वेळी त्या चार तासांच्या आसपास तीन-चार नोंदी घ्या. वरचं गृहीत धरलं, तर सुरुवातीची तूट भागिले हा वेळ म्हणजेच सुरुवातीचा वेग. म्हणून नऊला चारने भागा : मोटर बंद करताना ताशी सव्वादोन फूट, म्हणजे तुमच्या विहिरीत सुमारे २० हजार लिटर.

मोटर चालू असताना मात्र मोजू नका. परळीकडच्या आमच्या मळ्यात मी तसं केलं होतं. पाणी एका जागी थांबलं आणि मला वाटलं, उत्तर सापडलं. त्यातून उपसा आणि आवक सारखी आहे एवढंच कळत होतं. दोन्ही आकडे वेगळे निघेनात. एक आठवडा वाया गेला.

पहिल्या दिवसाच्या अर्ध्या तासाच्या नोंदी टाकून देऊ नका, हे कळकळीने सांगतो. आपल्याकडे पाणी मुरमातून आणि काळ्या खडकाच्या भेगांतून येतं. झरा पाण्याच्या वर उघडा पडला, की खाली कितीही उपसलं तरी त्याचा जोर वाढत नाही. तसं असेल तर पहिल्या आणि दुसऱ्या तासाची चढ सारखी दिसेल आणि वरचं माझं गृहीतच मोडेल. सुरुवातीची आणि चार तासांची अशा दोनच नोंदी असतील, तर ही चूक कधीच उघड होणार नाही.

नोंदी पाठवा, घड्याळाच्या वेळेसकट. आणि मार्चमध्ये पुन्हा मोजा.