प्रश्न तुमचे, उत्तरं आमची: अंतराळातले नकोसे प्रेमवीर

मागच्या अंकात चित्रकथेसाठी अंतराळाचे विषय मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी बऱ्याच पत्रांत एकच प्रसंग होता: महानायक अंतराळात आहे आणि त्याच्यामागे नकोसे प्रेमवीर लागलेत. म्हणून या वेळी सगळे प्रश्न त्याच प्रसंगाचे घेतले आहेत.

प्रश्न: माझा नायक प्रकाशाच्या निम्म्या वेगाने उडू शकतो. परग्रहावरची एक राणी आणि तिच्या शत्रुपक्षाची सेनापती, दोघींनाही त्याच्याशीच लग्न करायचंय. त्याला दोघीही नकोत. मित्र म्हणतो, मग तो उडून का जात नाही?
(वाचक, सांगली)

उत्तर: मित्राने नेमक्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंय. ज्याला पळून जाता येतं, त्याला अडचणीत दाखवताच येत नाही. आधी त्याला अडकवा.

हा प्रसंग जुना आहे. १९३४ साली अमेरिकी वर्तमानपत्रांत सुरू झालेल्या, फ्लॅश गॉर्डन या नायकाच्या रविवारच्या चित्रपट्ट्या काढून पाहा. मोंगो ग्रहावर पाय ठेवताच राजकन्या ऑरा त्याच्यावर भाळते. पुढे अझुरा, उंडिना, फ्रिया अशी राण्यांची रांगच लागते आणि बरोबर त्याची प्रेयसी डेल आर्डन असतेच. पण दर वेळी राणीच्या हातात नुसतं रूप नसतं, काहीतरी पकडही असते. पाण्याखालच्या राज्यात तर त्याला पाण्यात श्वास घेणारा करून टाकतात. आता जमिनीवर पळणार कसा? ही युक्ती तलवार रोखण्यापेक्षा कितीतरी पक्की आहे.

तुमच्या कथेत पकड हवेची ठेवा. नायकाला हवा लागत नसेल, पण तो ज्यांना वाचवायला आलाय त्यांना लागते. एका माणसाला दिवसाला साधारण ०.८४ किलो ऑक्सिजन लागतो. यानात चार माणसं आणि ५ किलो ऑक्सिजन असेल, तर तो दीड दिवस पुरतो. खरी गोम मात्र पुढे आहे. प्रत्येक माणूस दिवसाला सुमारे एक किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. तो शोषणारे डबे संपले, तर टाकीत ऑक्सिजन शिल्लक असूनही माणसं गुदमरतात. एप्रिल १९७० मध्ये चंद्राकडे निघालेल्या अपोलो १३ वर हेच संकट आलं होतं. मुख्य यानातले डबे चौकोनी आणि चांद्रयानातली खोबणी गोल, म्हणून पुठ्ठा, प्लास्टिकच्या पिशव्या, नळ्या आणि चिकटपट्टी वापरून जुगाड करावा लागला.

आता वाटणी करा. शोषक डबे राणीकडे, इंधन सेनापतीकडे. नायकाला दोन्ही हवंय आणि दोघींची अट एकच आहे. एकीला हो म्हटलं की दुसरी दार लावून घेते. त्याच्या वेगाचा इथे काडीचा उपयोग नाही, कारण यान झटक्यात निम्म्या प्रकाशवेगापर्यंत ओढलं तर आतली माणसं चेंगरून मरतील. ही ओळ पहिल्या दोन पानांतच कुणाच्या तरी तोंडी घाला. ती चौथ्या पानावर आली तर वाचकाला फसवल्यासारखं वाटतं.

प्रश्न: दोन्ही पाठलाग करणारे पृथ्वीच्या कक्षेत नायिकेच्या मागे आहेत. मी इंजिन पेटवून त्यांना जवळ आणलं. अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्याने ते चूक ठरवलं. का?
(वाचक, नाशिक)

उत्तर: कारण तो बरोबर आहे! आणि ही चूक तुमच्या फायद्याची आहे.

४०० किमी उंचीवरच्या कक्षेत वेग सेकंदाला सुमारे ७.७ किमी असतो आणि एक फेरी साधारण साडेब्याण्णव मिनिटांत होते. समजा, नायिका त्याच कक्षेत १०० किमी पुढे आहे. उतावळ्या प्रेमवीराने तिच्या दिशेने जोर लावून वेग सेकंदाला १०० मीटरने वाढवला, तर त्याची कक्षा फुगते आणि पलीकडची बाजू साडेतीनशे किमीने वर जाते. फेरीला आधीपेक्षा साडेतीन मिनिटांहून जास्त जादा वेळ लागू लागतो. एक फेरी पूर्ण होईपर्यंत तो दीड हजार किमीहून जास्त मागे पडलेला असतो. जितका जोर, तितकी पीछेहाट.

दुसरा प्रेमवीर थंड डोक्याचा ठेवा. तो उलट ब्रेक लावतो. वेग सेकंदाला जेमतेम ३ मीटरने कमी करतो, अर्ध्या फेरीनंतर तेवढाच पुन्हा कमी करतो आणि १० किमी खालच्या कक्षेत उतरतो. खालची कक्षा लहान आणि तिथला वेग जास्त, त्यामुळे दर फेरीला तो ९४ किमी पुढे सरकतो. शंभर किमीचं अंतर दीड-दोन तासांत मिटतं. मग पुन्हा वर चढून तो तिच्याजवळ येतो.

खऱ्या अंतराळवीरांनाही हे अंगवळणी पाडून घ्यावं लागलं. जून १९६५ मध्ये जेमिनी ४ या अमेरिकी यानाच्या जेम्स मॅकडिव्हिटने स्वतःच्याच रॉकेटच्या रिकाम्या टप्प्याजवळ जायचा प्रयत्न केला. नेम धरून इंजिन चालवलं, जमलं नाही, इंधन खर्ची पडलं आणि नाद सोडावा लागला. त्याच वर्षी डिसेंबरात जेमिनी ६ए आणि जेमिनी ७ एकमेकांजवळ आली, ती हिशोबाने.

सहा चौकटींचं पान असेल तर पहिल्या चार चौकटींत एक आकृती ठेवा: खाली पृथ्वीची कमान, वर तीन ठिपके. प्रत्येक चौकटीत कमान तीच, ठिपक्यांची जागा तेवढी बदलते. चेहरे पाचव्या चौकटीत आणा. अंतर काहीशे मीटरवर आलं की सरळ रेषेतला पाठलाग चालतो, तिथे तुमची मूळ चित्रं वापरा, टाकून देऊ नका.

प्रश्न: निर्वात पोकळीत आवाज नाही. मग प्रेमाची कबुली ऐकू येणार कशी?
(वाचक, डोंबिवली)

उत्तर: रेडिओवरून. रेडिओच्या संवादफुग्याची कड वाकडीतिकडी, विजेसारखी काढायची रीत आहे, ती पाळा. दुसरा मार्ग म्हणजे शिरस्त्राणाला शिरस्त्राण टेकवणं. काचेतून कंपनं जातात, बोलणं अस्पष्ट पण कळतं. नको असलेल्या माणसाने ऐकवण्यासाठी एवढं जवळ येणं चित्रात अंगावर येतं, म्हणून एकदाच वापरा. ‘धडाम’, ‘खण्ण’ हे शब्द यानाच्या आतल्या चौकटीतच लिहायचे. बाहेरची चौकट कोरी.

खरा मसाला विलंबात आहे. चंद्रापर्यंत संदेशाला एका बाजूला १.३ सेकंद लागतात. मंगळापर्यंत ग्रहांच्या स्थितीनुसार सुमारे ३ ते २२ मिनिटं. समजा, १५ मिनिटं लागतात. प्रेमवीराने दहा वाजता मागणी घातली. तिला ती सव्वादहाला मिळाली. तिने तत्क्षणी नकार दिला, तो त्याला साडेदहाला कळला. मधल्या वेळात तो दर पाच मिनिटांनी एक निरोप धाडत असेल, तर नकार दिल्यानंतरही तिच्याकडे १०:४० पर्यंत पाच निरोप येत राहतात. ते त्याने अजाणता पाठवलेले. पावणेअकराला किंवा त्यानंतर जो निरोप येईल, तो मात्र नकार ऐकून पाठवलेला. फुग्यांच्या कोपऱ्यात वेळ लिहा, घड्याळाच्या आकड्यांवरूनच वाचकाला माणूस ओळखू येईल.

प्रश्न: माझ्या कथेत महानायिकेमागे दोन पुरुष लागतात. संपादक म्हणाले, हा विनोद नाही, छेडछाड आहे. काय बदलू?
(वाचक, पुणे)

उत्तर: संपादकांचं ऐका. पण विनोद काढून टाकू नका, त्याची जागा बदला. हसायचं ते प्रेमवीरांच्या समजुतीवर. तिच्या नकारावर नाही.

तिचा नकार एका चौकटीत, एका शब्दात, प्रेमवीरासमोर यायला हवा. लाजणं, मान वळवणं, ‘बघू’ म्हणणं यातलं काही चालणार नाही, कारण मग पुढचा पाठलाग तिनेच ओढवून घेतल्यासारखा दिसतो. १९५० आणि ६० च्या दशकांत सुपरमॅनभोवती लोइस लेन आणि लाना लँग यांची चढाओढ वर्षानुवर्षं चालली. आज ती वाचताना कंटाळा येतो तो याचमुळे: तो ना हो म्हणतो, ना नाही. १९८९ मधली मॅक्सिमा त्यापेक्षा नीट रचलेली आहे. ती अल्मेरॅक ग्रहाची राणी आहे, तिला वारस हवाय आणि सुपरमॅन तिला योग्य वर वाटतो. हेतू स्पष्ट, नकारही स्पष्ट. त्यामुळे पुढचं भांडण खरं वाटतं. तुमच्या दोघा पुरुषांनाही असा एकेक हेतू द्या, निव्वळ ‘तिच्या रूपावर भाळला’ एवढ्यावर दहा पानं निघत नाहीत.

एक मजेशीर मुद्दा हवा असेल तर कायद्यात आहे. स्त्रीने स्पष्ट नाराजी दाखवूनही पुरुषाने तिचा पुन्हा पुन्हा पाठलाग करणं हा भारतात २०१३ पासून वेगळा गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे. आणि १९६७ च्या अंतराळ करारानुसार, यानाची नोंदणी ज्या देशात झाली, त्या देशाचा त्या यानावर आणि आतल्या माणसांवर अधिकार राहतो. म्हणजे यान भारतात नोंदलेलं असेल तर ‘इथे वर कुठला कायदा?’ म्हणणाऱ्या प्रेमवीराला उत्तर तयार आहे. सांगलीच्या वाचकांच्या नायकाला मात्र या कलमाचा आधार नाही, ते स्त्रीच्या पाठलागापुरतंच आहे.

प्रश्न: आकाश शाईने काळं केलं की कागद फुगतो आणि तारे नीट येत नाहीत.
(वाचक, कणकवली)

उत्तर: कागद पातळ असणार. किमान २०० जीएसएमचा (चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचा) घ्या, चारही कडा फळीवर चिकटपट्टीने बसवा आणि काळी शाई दोन पातळ हातांत द्या, पहिला हात पूर्ण वाळू द्या. आधी माणसांच्या कडा बारीक ब्रशने बंद करायच्या, मग मोकळी जागा भरायची. ताऱ्यांसाठी पांढरा पोस्टर रंग दुधाइतका पातळ करा आणि जुन्या टूथब्रशने वीतभर अंतरावरून शिंतोडे उडवा. रंग जास्त पातळ असेल तर शिंतोडे राखाडी होतात, ब्रश निथळला नाही तर मोठे थेंब पडतात. चेहऱ्यांवर आणि ग्रहांवर कापलेला कागद ठेवायला विसरू नका. चंद्रकोरीच्या अंधाऱ्या भागात तारा दिसला, की एखादं पत्र आलंच म्हणून समजा.

अक्षरं मात्र आधी लिहा, फुगा नंतर काढा. इंग्रजी चित्रकथेचे फुगे मापाला घेतले तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर आणि रफारावर आपटतो.

प्रश्न: शेवटी प्रेमवीर शिरस्त्राण काढून तिचं चुंबन घ्यायला जातो, असं दाखवलं तर?
(वाचक, पणजी)

उत्तर: तो पोचेलच असं नाही. निर्वातात माणसाची शुद्ध दहा-पंधरा सेकंदांत हरपते. १९६६ मध्ये नासाच्या निर्वात कक्षात पोशाखाची नळी निसटली, तेव्हा चाचणी देणारा तंत्रज्ञ चौदाएक सेकंदांत बेशुद्ध पडला. जिभेवरची लाळ उकळताना जाणवली, असं त्याने नंतर सांगितलं. वेळेत हवा परत भरली म्हणून तो वाचला. शिवाय प्रेमवीर यानातून ताबडतोब बाहेर येणंही अवघड आहे. स्थानकात हवेचा दाब पृथ्वीइतका असतो, अमेरिकी अंतराळ पोशाखात त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. आधी बराच वेळ शुद्ध ऑक्सिजन घेतला नाही, तर रक्तातल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊन सांधे धरतात. तेव्हा त्याला मुखवटा लावून काही तास बसवा. तेवढ्यात तुमची नायिका पृथ्वीच्या पलीकडे गेलेली असेल.