गाण्याचे शब्द आणि चाल माझी, पण रेकॉर्डिंग कंपनीने केलं. कंपनीने एकरकमी पैसे दिले, तर पुढची रॉयल्टी मला मिळेल का?

हो, मिळायला हवी. आधी एक फरक समजून घ्या. एका गाण्यात वेगवेगळे हक्क असतात: शब्दांवर गीतकाराचा, चालीवर संगीतकाराचा आणि ध्वनिमुद्रणावर ते करून घेणाऱ्या निर्मात्याचा, म्हणजे बहुतेकदा कंपनीचा. शब्द आणि चालीचा हक्क कर्त्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो; ध्वनिमुद्रणाचा प्रकाशनानंतर ६० वर्षं.

पूर्वी एका सहीत सगळंच कंपनीकडे जायचं. कितीतरी गुणी माणसं त्यात आयुष्यभराची कमाई गमावून बसली, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीने हे बदललं. जावेद अख्तर यांनी तिच्यासाठी राज्यसभेत जोर लावला होता. आता तुम्ही हक्क लिहून दिलात तरी रॉयल्टीतला कंपनीच्या बरोबरीचा वाटा सोडून देता येत नाही. तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीलाच, म्हणजे रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या संस्थेलाच देता येतो. करारात ‘रॉयल्टीवर पाणी सोडतो’ असं लिहिलेलं असलं तरी ते चालत नाही.

हा वाटा गोळा करायला आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांच्या अशाच सोसायटीचं सभासद व्हा आणि प्रत्येक गाण्याची नोंद तिथे स्वतः करा. नोंदच नसेल तर पैसे तुमच्यापर्यंत पोचणार कसे?

करार पुन्हा बाहेर काढून हक्क किती मुदतीसाठी दिलेत ते बघा. मुदत लिहिलेली नसेल तर त्याच कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पाच वर्षंच धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत.